चुलीशिवाय चार दिवस

भामाबाईनं तवा भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि सांगून टाकलं, की संक्रांत झाली की मी चार दिवस शहरात जाणार, आणि त्या चार दिवसांत चुलीला हात लावणार नाही.

गेणबा ओसरीवर घोंगडीचा काठ शिवत बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. लग्न झाल्यापासून भामाबाईनं त्याला बरंच काही सांगितलं होतं, आणि वर न बघता बसून राहिलं की त्यातलं निम्मं आपोआप विरून जातं, असा त्याचा अनुभव होता. हे मात्र विरलं नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना तिनं तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी धार काढताना सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं काही सांगितलंच नाही, तेव्हा गेणबा घाबरला.

ह्या सगळ्याचं मूळ शेजारच्या मळ्यात होतं. दिवाळीला तात्याबा माळ्याचा झेंडू बरा गेला, म्हणून तो सिंधूबाईला घेऊन पुण्याला गेला आणि दोघं लॉजवर उतरली. परत आल्यापासून सिंधूबाईचं तेच पुराण चाललं होतं. अंथरूण दुसऱ्यानं घातलं. चहा खोलीत आला. जेवायला हॉटेलात गेलं की ताट पुढ्यात. "हात नुसते मांडीवर ठिवून बसले बाई मी," सिंधूबाई सांगायची. "दुसऱ्या दिवशी तर हातांचं काय करावं तेच कळंना."

भामाबाईला बाग नको होती, दुकानं नको होती. तिच्या मनात ते मांडीवरचे हात जाऊन बसले. तिचं सगळं तरणपण मेंढरांमागं गेलेलं. घोड्यावर बिऱ्हाड, कडेवर पोर, आणि रोज सांजेला नव्या रानात तीन दगड मांडून चूल. पुढं मांडवगण फराट्यात विहिरीला पाणी लागलं, ऊस झाला, घर झालं. तीन दगड गेले आणि मातीची चूल आली, तिच्यापुरता फरक एवढाच.

गेणबाला वेगळीच गोष्ट खुपत होती. तात्याबानं लॉजवाल्याला मुक्कामाचे पैसे दिले, हे त्याला पटतच नव्हतं. गेणबानं आयुष्यभर लोकांच्या रानात मुक्काम केला होता. मेंढरं ज्याच्या रानात बसत त्याच्या रानाला फुकट खत मिळे, म्हणून रानवाला ज्वारी द्यायचा, डाळ द्यायचा, गूळ द्यायचा, आणि वर हात जोडून म्हणायचा की पाव्हणं, आजून दोन दिवस ऱ्हावा. जो उतरतो त्यानं घ्यायचं, ज्याची जागा त्यानं द्यायचं, ही दुनियेची रीत. तात्याबा शिकलेला असून शहरात जाऊन उलटं करून आला होता.

"तुला फशिवलं तात्याबा," गेणबा त्याला बांधावर म्हणाला.

"आरं, समदेच देत्यात."

"मग समद्यांना फशिवलंय."

तरी बायकोचा शब्द राखायचा, म्हणून गेणबानं पारावर बसून स्वस्तात शहर कसं करावं याची चौकशी सुरू केली. सल्ले भरपूर मिळाले. एकानं सांगितलं, नातेवाइकाकडं उतरा, खर्च शून्य. गेणबानं ते घरी सांगितलं. भामाबाई म्हणाली, पहिल्या दिवशी चहा मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सून म्हणते, आत्याबाई, तेवढ्या भाकऱ्या तुमच्या हातच्या होऊ द्या. दुसरा म्हणाला, धर्मशाळेत जा, भांडीसुद्धा तेच देतात. भामाबाईनं विचारलं, भांडी कशाला देत्यात ते विचारलं का? तिसऱ्यानं युक्ती सांगितली, की चार दिवसांच्या दशम्या घरूनच करून न्याव्यात. त्यावर भामाबाई नुसती बघत राहिली, आणि गेणबा उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेला. वाटेत त्याच्या ध्यानात आलं, की जे जे स्वस्त होतं, त्यात कुठं ना कुठं भामाबाईची चूल होती.

असा तो अडकून पडला असताना त्याचा भाचा रविराज सुट्टीला आला. रविराज दौंडला रेल्वेत कामाला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की आमचे जालिंदर गार्ड रिटायर झाले, त्यांनी कॉलनीच्या पलीकडं बंगला बांधलाय आणि गुलाबाचं वेड घेतलंय. शेणखत पिशवीत भरून विकत आणतात. परवाच म्हणत होते, मेंढ्यांचं खत मिळालं तर सोनं.

गेणबाच्या हातातली सुई थांबली.

"बंगल्याला जागा किती?"

"पुढं गुलाब हायेत, मामा. मागं निम्मी जागा रिकामी हाय. तिथं नवी बाग करायचीय त्यांना."

"पंखा हाय?"

"पंखा?" रविराज म्हणाला. "हाय की. गॅरेजमध्ये बी पंखा हाय. गाडी घ्यायची ऱ्हायली, गॅरेज बांधून झालं."

आठवडाभरात सगळं ठरलं. रविराजनं गार्डसाहेबांना रीत समजावून सांगितली. एक खंडी मेंढरं, म्हणजे वीस, मागच्या मोकळ्या जागेत चार दिवस बसतील. मेंढरांच्या मालकाला राहायला गॅरेज, आणि रिवाजाप्रमाणं शिधा. गार्डसाहेब खूश झाले. गेणबा तर हवेत होता. शहर, बंगला, पंखा, नळाचं पाणी आणि वर शिधा. तात्याबा बघत राहिला असता.

घरी त्यानं मेंढरांचं सोडून बाकी सगळं सांगितलं.

"दौंड?" भामाबाई म्हणाली. "सिंधूबाई पुण्याला गेलती."

"दौंड काय ल्हान हाय? जंक्शन हाय. पुण्याला जाणारी गाडी दौंडाला थांबल्याबिगर म्होरं जात न्हाई. मग मोठं कोण?"

भामाबाईनं थोडा विचार केला. "गाव कंचं बी असू द्या," ती म्हणाली. "चूल नको. बिरोबाची आण घ्या."

गेणबानं घेतली. तुला चुलीला हात लावायला लागणार न्हाई, असं कपाळाला भंडारा लावून तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. कारण शिधा मिळणार होता. आयुष्यभर त्यानं असंच बघितलं होतं. रानवाल्यानं शिधा दिला, तो भामाबाईच्या ओट्यात टाकला, की थोड्या वेळानं ताट पुढं यायचं. मधल्या वेळात शिध्याचं काय होतं, हे बघायची पाळी गेणबावर कधी आलीच नव्हती.

गेणबाचा धाकटा भाऊ म्हाळू मेंढरं घेऊन चालत आधी निघाला. भामाबाईला सांगितलं, की तो चाऱ्याला गेलाय. मग एका सकाळी सिंधूबाईची चेनची पिशवी उसनी घेऊन, नवं लुगडं नेसून भामाबाई एसटीत बसली. खिडकीशी बसली. वाटेत कुणाचं ऊसतोडीचं बिऱ्हाड दिसलं, कुणी बाई दगडाच्या चुलीवर वाकलेली दिसली, की ती गेणबाला कोपरानं ढोसून दाखवायची. 

दौंडला रविराज घ्यायला आला होता. बंगला खरंच बंगला होता. गुलाबी रंग, पुढं लोखंडी फाटक, फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंनी गुलाब, आणि प्रत्येक गुलाबाच्या बुडाशी पत्र्याचा नंबर. गार्डसाहेब पांढरा लेंगा-शर्ट घालून उभे होते. त्यांच्या बायकोनं, गिताबाईंनी, पाणी आणून दिलं. भामाबाई पाणी प्याली, पंखा बघून आली, नळ सोडून बघितला, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते गेणबानं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मग बंगल्यामागून बें बें ऐकू आलं.

भामाबाईनं मान तिरकी केली.

"शहरात बी मेंढरं असत्यात," गेणबा घाईनं म्हणाला.

ती उठली आणि बंगल्यामागं गेली. मोकळ्या जागेत वाघर लावलेली होती, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, आणि त्यात वीस मेंढरं. काळ्या तोंडाची एक मेंढी तिला बघून पुढं आली आणि जाळीतून तोंड काढून तिच्या लुगड्याचा काठ हुंगू लागली.

"ही कानी हाय," भामाबाई म्हणाली. "आपली."

"मेंढरं समदी सारखीच दिसत्यात," गेणबा म्हणाला.

धनगराच्या घरात जन्मलेल्या बाईला असं सांगणं, म्हणजे तिला तिचीच लेकरं ओळखता येत नाहीत असं सांगण्यासारखं. भामाबाईनं एकेका मेंढराचं नाव घेत बोट दाखवलं. कानी, बांडी, नकटी, लंगड्या पायाची, तिचं कोकरू. शेवटी बोट म्हाळूवर आलं. तो झाडाआड उभा होता. त्यानं वहिनीला रामराम केला आणि घरच्या मेंढरांना कोण बघणार म्हणून तडक एसटी धरून निघून गेला.

भामाबाई ओरडली नाही. बंगल्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. तेवढ्यात गार्डसाहेबांनी रिवाजाप्रमाणं शिधा पाठवला. बाजरीचं पीठ, डाळ, तेल, मीठ, मिरची, कांदे, चहा-साखर, गूळ. गिताबाईंनी ते ताट आणून पायरीवर ठेवलं. गेणबानं सवयीनं ते उचललं आणि भामाबाईच्या ओट्यात टाकायला वाकला. भामाबाईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. एकावर एक.

"मी सुट्टीवर हाय," ती म्हणाली. "तुम्ही बिरोबाची आण घेतलीय."

गेणबानं ताट पुन्हा पायरीवर ठेवलं. मग त्यानं गॅरेजमागं तीन दगड आणले. ते मांडायला त्याला जमलं, कारण भामाबाईला आयुष्यभर दगड त्यानंच आणून दिले होते. पुढचं अवघड होतं. जाळ लागला तो धुराचा. धूर गॅरेजमध्ये शिरला, पंख्यानं तो आत सगळीकडं सारखा केला. पीठ मळताना पाणी जास्त पडलं, म्हणून पीठ वाढवलं, मग पीठ जास्त झालं, म्हणून पाणी. असं करत करत काठवटीत चार गड्यांच्या जेवणाचा गोळा झाला. भाकरी थापली तर तिला कोपरे आले.

गिताबाई खिडकीतून बघत होत्या. मग बाहेर आल्या आणि भामाबाईशेजारी पायरीवर टेकल्या.

"तुम्ही न्हाई का करणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुट्टी हाय."

"कुणी दिली?"

"कोण देतंय, ताई? घेतली."

गिताबाईंनी आपल्या हातांकडं बघितलं. त्या मूळच्या दौंडच्याच. नवऱ्याला ड्यूटीचा बोलावा कधीही यायचा आणि कधीही डबा भरून द्यावा लागायचा. त्यांना वाटलं होतं, साहेब रिटायर झाले की हे संपेल. झालं उलटं. गार्डसाहेब घरी बसले आणि घराला टाइमटेबल लागलं. सकाळचा चहा, नाष्टा, जेवण, दुपारचा चहा, सगळं राइट टाइम. चहा दोन मिनिटं मागं पडला की हॉलमधून विचारणा व्हायची, की काय, आउटर सिग्नलला उभा आहे का?

"साहेब रिटायर झाले," गिताबाई म्हणाल्या. "मी कवा व्हायची?"

भामाबाई हसली नाही. तिनं जरा सरकून त्यांना पायरीवर नीट जागा करून दिली. दिवे लागेपर्यंत दोघी तिथंच बसल्या होत्या. काय बोलल्या ते गेणबाला ऐकू आलं नाही, कारण तो आणि त्याची भाकरी दोघंही तव्याला चिकटले होते. शेवटी त्यानं रविराजच्या घरून दोन माणसांचं जेवण मागवलं. रविराजनं डबा दिला आणि बरोबर त्याच्या बायकोचा निरोप दिला, की उद्या मामींना भाकऱ्या करायला इकडंच पाठवा. गेणबानं तो निरोप गिळला.

गार्डसाहेबांची एक सवय रविराजनं सांगितली नव्हती. नोकरी सुटली तरी त्यांची शिट्टी सुटली नव्हती. सकाळी अंथरुणातून उठले, की मागच्या दारात येऊन ते एक लांब शिट्टी मारत. ती चहाची. गिताबाई त्या शिट्टीवर गॅस पेटवत.

आणि गेणबाची एक सवय गार्डसाहेबांना माहीत नव्हती. घरी पहाटे तो दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारायचा. त्या शिट्टीवर मेंढरांनी उठायचं आणि चालू लागायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गार्डसाहेबांनी शिट्टी मारली.

वीसच्या वीस मेंढरं उभी राहिली. एरवी वाघरीच्या मेखा कडक रानात ठोकलेल्या असतात. इथली माती गार्डसाहेबांनी स्वतः खणून, चाळून, मऊ करून ठेवलेली. पुढच्या मेंढ्यानं जाळीला नुसती छाती लावली आणि मेखा लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. खंडी बंगल्याला वळसा घालून पुढच्या अंगणात आली. तिथं गुलाब होते.

गार्डसाहेब धावत पुढं आले. सवारी गाडी असो की मालगाडी, धोका दिसला की शिट्टी मारायची, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनी जोरात शिट्टी मारली. मेंढरांनी ऐकलं आणि ती आणखी पुढं सरकली. त्यांनी पुन्हा मारली. मेंढरं एक नंबरच्या गुलाबापासून सुरू होऊन शिस्तीत पुढच्या नंबरांकडं निघाली. मग साहेबांना लाल झेंडा आठवला. तो आणून त्यांनी मेंढ्यापुढं आडवा धरला. मेंढ्यानं तो हुंगला, एक कोपरा तोंडात घेतला आणि झेंडा, साहेब आणि मेंढा थोडा वेळ एकाच जागी गोल फिरले.

गेणबा गॅरेजमधून धावत आला तेव्हा बांडी दिवाणखान्यात उभी होती आणि टीव्हीच्या काचेतल्या मेंढीकडं बघत होती.

"काढा ही जनावरं!" गार्डसाहेब म्हणाले. "आत्ताच्या आत्ता दौंडच्या हद्दीबाहेर."

"काढतो. पर तुम्ही शिट्टी मारायची थांबा, सायेब."

"मी थांबवायला मारतोय."

"ती चालायला ऐकत्यात."

 गाडी कुणाच्या इशाऱ्यावर सुटली, ह्या एका प्रश्नावर गार्डसाहेबांनी नोकरीत भल्याभल्यांना घाम फोडला होता. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, हातात घेऊन बघितली आणि खिशात घातली. मग मात्र गेणबानं जीभ टाळूला लावून च्यक च्यक केलं आणि मेंढरं निमूट मागं फिरली. मागं फिरताना उरलेल्या दोन गुलाबांचे शेंडे तेवढे घेतले.

मेखा पुन्हा ठोकून झाल्या. गेणबा मान खाली घालून उभा होता. गार्डसाहेब नुसत्या दांड्यांकडं बघत होते. दांड्या उभ्या होत्या, नंबरसुद्धा जागेवर होते.

"आधी चहा घेतो," साहेब म्हणाले. "मग तुमचं बघतो. गिता!"

आतून ओ आली नाही. त्यांनी स्वयंपाकघरात बघितलं. गॅस थंड. देवघरात बघितलं. गेणबानं गॅरेजमध्ये बघितलं. घोंगडी घडी करून ठेवलेली, सिंधूबाईची चेनची पिशवी नाही. दोघं पुन्हा अंगणात समोरासमोर आले तेव्हा दोघांचाही चेहरा सारखाच झाला होता.

तेवढ्यात रविराज रात्रपाळी संपवून सायकलवर आला. फाटकातच त्यानं बागेकडं बघितलं, मग आल्या वाटेनं सायकल वळवू लागला. गेणबानं हँडल धरलं.

"मामी कुठं हाय?"

"पुण्याच्या शटलला बसवून आलो," रविराज म्हणाला. "मामी आन् काकू. म्हणल्या, तुम्ही दोघं कामात होता म्हणून सांगितलं न्हाई."

पुढचं त्यानं सायकलच्या सीटवर बोटं आपटत आपटत सांगितलं. गिताबाईंची बहीण हडपसरला राहते. ती लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलीय आणि फ्लॅटची किल्ली गिताबाईंकडं देऊन ठेवलीय. गिताबाईंचा रेल्वेचा पास आहे आणि भामाबाईचं तिकीट त्यांनीच काढलं. राहायला जागा, जायला गाडी, कुणाच्या दारात हात पसरायचा नाही. चार दिवस पुणं बघून येतो, म्हणाल्या. पारावरच्या सगळ्यांनी मिळून महिनाभर डोकं लावून जे जमलं नव्हतं, ते दोघींनी मागच्या पायरीवर बसून तिन्हीसांजेच्या आत जमवलं होतं.

"आणि जेवणाचं?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"हॉटेलात जेवणार म्हणल्या."

"त्यांचं नाही. माझं."

त्यावर रविराजकडं निरोप नव्हता. त्याची बायकोही रात्रीच माहेरी गेली होती. का गेली ते त्यानं सांगितलं नाही, पण आदल्या रात्री डबा मागवल्यावर घरात काही बोलणं झालं असावं.

आता गार्डसाहेबांना गेणबाला हाकलता येईना. हाकलला, तर घरात एकट्यानं उपाशी राहावं लागणार. गेणबालाही जाता येईना. गेला, तर भामाबाई परत इथंच येणार आणि आपण सापडलो नाही तर पुढचं आयुष्य अवघड. म्हणून दोघांनी बागेचा विषय बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरात शिरले.

पहिल्या दिवशी चहा झाला. तो पिऊन दोघांनी एकमेकांची विचारपूस केली. दुसऱ्या दिवशी डाळ शिजवताना गॅस संपला. नवीन टाकीसाठी कुठं फोन करायचा, हे गिताबाईंनाच ठाऊक. म्हणून सगळा संसार गॅरेजमागच्या तीन दगडांवर आला. गार्डसाहेब आपल्याच घरातले डबे एकेक उघडून आणत आणि गेणबा वास घेऊन सांगे, हे धनं हाय, हे न्हाई. साहेबांनी एकदा ओव्यालाच डाळ समजून फोडणी दिली. दोघांनी ती संपवली. दुपारी साहेब म्हणाले, की पोट हलकं वाटतंय.

चौथ्या दिवशी दुपारी हॉलमधला फोन वाजला. गार्डसाहेब इतक्या वेगानं गेले की त्यांची एक चप्पल बांडीजवळ राहिली. रिसीव्हर कानाला लावून ते ताठ उभे राहिले.

"कधी येताय?" त्यांनी विचारलं.

पलीकडून गिताबाई काय म्हणाल्या ते गेणबाला दारातूनसुद्धा ऐकू आलं, इतका आवाज मोकळा होता.

"गाडी लेट हाय."

"किती लेट?"

"सांगता येत न्हाई."

हे उत्तर गार्डसाहेबांनी नोकरीभर घरी पाठवलं होतं. त्यावर पुढं काय विचारायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी रिसीव्हर गेणबाच्या हातात कोंबला आणि दबक्या आवाजात बजावलं, की तुमच्या मंडळींना सांगा, आज रात्रीपर्यंत दोघींनी दौंडला हजर व्हायचं. घरात पीठ संपत आलंय, हेही सांगा.

गेणबानं तोंड फोनला लावलं. काय काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं. हाताला चटका बसलाय. दाढी धुरानं पिवळी झालीय. साहेबांनी काल चहात मीठ टाकलं.

"अवं," पलीकडून भामाबाई म्हणाली. "कानी खाती का नीट?"

"खाती."

"लंगडीचं कोकरू?"

"ते बी."

मग ती सांगू लागली. फोनवर ती पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून शेतातून हाक मारावी तशी बोलत होती. बाग बघितली. पाण्यातला गणपती बघितला. जिन्यानं चढून चढून कुणाच्या तरी गच्चीवर गेलो. काल हाटेलात बसलो. ताट म्होरं आलं. भात, आमटी, दोन भाज्या. "कुणी केलं ते म्या बघायला बी गेले न्हाई," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर ताट उचलाया गेले, तर वाढपी म्हणला, आजी, ऱ्हाऊ द्या. मग म्या ठिवलं. आन् बसून ऱ्हायले."

एवढं बोलून ती थांबली. तारेतून नुसती खरखर येत राहिली. गेणबाला वाटलं फोन तुटला. मग त्याला तिचा श्वास ऐकू आला. हाताच्या अंतरावर निजणाऱ्या बाईचा श्वास त्याला पाठ होता, पण असा निवांत चाललेला त्यानं ऐकला नव्हता.

गार्डसाहेब समोरून खुणा करत होते. आज, आज, असं बोटानं जमिनीकडं दाखवत होते.

"भामा," गेणबा म्हणाला, "ऱ्हावा आजून दोन-चार दिस. हिथं समदं झ्याक चाललंय."

त्यानं रिसीव्हर ठेवला. उलटा ठेवला होता, तो साहेबांनी सुलटा केला.  मग साहेब सोफ्यावर बसले.

"तुम्हाला काय सांगितलं होतं मी?"

"व्हय."

"मग?"

 गेणबानं फेटा सारखा केला. "पीठ हाय थोडं," तो म्हणाला. "तुम्ही जाळाचं बघा. म्या थापतो."

गार्डसाहेबांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि तीन दगडांपुढं उकिडवे बसले. गेणबानं पाणी बेतानं घेतलं, पीठ मऊ होईतो रगडलं आणि घाई न करता थापत राहिला. ह्या वेळी भाकरीला कोपरे आले नाहीत. ती तव्यावर पडली, तिला पाणी लागलं, उलटली, आणि निखाऱ्यापुढं उभी करताच टम्म फुगली. पहिलीच. चंद्रासारखी गोल.

साहेबांनी गेणबाकडं बघितलं. गेणबानं साहेबांकडं. मग दोघं गुडघ्यांवर हात ठेवून, जरा मागं सरून तिच्याकडं बघत राहिले. बघता बघता ती करपली.